समोरच्या टॉवरच्या कामामुळे रस्त्यावर चालणे अवघड झाले आहे. तक्रारीत काय लिहावे?

चाळकरी:
लोअर परळला ना. म. जोशी मार्गावर आमची चाळ आहे. समोर टॉवरचे काम सुरू झाल्यापासून पदपथाचा बराचसा भाग पत्र्याआड गेला असून, स्टेशन गाठणारी माणसे सकाळी बसच्या चाकांना खेटून चालतात. काही रात्री काँक्रीट मिक्सरची रांग आमच्या दारापर्यंत येते, आणि उजाडल्यावर जिन्याच्या कठड्यावर बोट फिरवले की राखाडी रेघ उमटते. अशा कामावर कोणती बंधने असतात?

निवृत्त साइट इंजिनीअर:
पायाचा राफ्ट, म्हणजे इमारतीखालचा काँक्रीटचा जाड सलग थर, शक्यतो एका दमात ओततात. मध्ये खंड पडला तर सांधा कच्चा राहतो. एका मिक्सरमध्ये साधारण ६ घनमीटर माल बसतो, म्हणजे ६०० घनमीटरच्या राफ्टला शंभर फेऱ्या होतात. दिवसाच्या रहदारीत माल वाटेतच घट्ट होऊ लागतो, म्हणून कंत्राटदाराला रात्र सोयीची वाटते. मात्र गाड्या दूर थांबवून, फोन करून दोन-दोन बोलावता येतात. रांग लागते ती नियोजनाच्या आळसामुळे, आणि हे मी स्वतः केलेल्या चुकांवरून सांगतो.

वॉर्डातला रहिवासी:
तक्रार महापालिकेच्या जी दक्षिण विभाग कार्यालयात द्यावी. महापालिकेच्या ऑक्टोबर २०२३ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार ७० मीटरपेक्षा उंच इमारतीभोवती किमान ३५ फूट उंच पत्रे, पाण्याची फवारणी आणि बाहेर पडणाऱ्या गाड्यांची चाके धुण्याची सोय आवश्यक आहे. रात्री १० ते सकाळी ६ या वेळेत निवासी क्षेत्रासाठी आवाजाची मर्यादा ४५ डेसिबल आहे. पदपथ अडवण्याची परवानगी कोणी व किती दिवसांची दिली, हे लेखी विचारावे. नुसता ‘त्रास होतो’ असा अर्ज फायलीत पडून राहतो.

गिरणगावकर:
चाके धुतल्याने रस्ता रुंद होणार नाही. १९९१ च्या मुंबईच्या विकास नियंत्रण नियमावलीतील नियम ५८ प्रमाणे गिरण्यांच्या जमिनीचा साधारण तिसरा हिस्सा महापालिकेला मिळायचा होता. २००१ च्या बदलाने ही वाटणी मोकळ्या जमिनीपुरतीच उरली. पायी येणाऱ्या कामगारांच्या रस्त्यावर आता टॉवरच्या पोडियममधून, म्हणजे खालच्या पार्किंगच्या मजल्यांवरून, गाड्या उतरतात. त्यातच लोअर परळ स्टेशनजवळचा रेल्वेवरील डिलाईल पूल २०१८ च्या जुलैत बंद झाला, तो पूर्ण खुला व्हायला नोव्हेंबर २०२३ उजाडला.

चाळकरी:
सर्वांचे आभार. काल रात्री साडेअकराला नऊ मिक्सर मोजले आणि वेळेसह छायाचित्रे काढली. परवानगीच्या तपशिलाची पाटी फाटकाशी आहे, पण तिच्यापुढे सळ्या रचल्यामुळे शेवटचे आकडे वाचता आले नाहीत; तेवढे उद्या उजेडात टिपून अर्ज देतो.