म्हैस सारखी उलटतेय, गाजर घालून फरक पडेल का?

माणकाठ (मंगळवेढा): नमस्कार मंडळी. पंढरपुरी म्हैस आहे, तिसऱ्या वेताची. माजावर येते, भरवतो (रेतन करून घेतो), की एकवीस दिवसांनी पुन्हा उलटते, म्हणजे गाभण न राहता परत माजावर येते. डॉक्टर म्हणाले पिशवी (गर्भाशय) चांगली आहे. दिवाळीपासून नुसता मालदांडी ज्वारीचा कडबा आणि थोडी सरकी पेंड चालू आहे. विहिरीनं तळ गाठलाय, हिरवं कुठून आणू? सोलापूरच्या मार्केट यार्डात गाजर आणि बीट सध्या मातीमोल भावानं जातंय. गावात म्हणतात गाजरानं म्हैस गाभण राहते. खरं आहे का? चार उस्मानाबादी शेळ्याही आहेत.

गोठेवाली (मोहोळ): भाऊ, खरं आहे, पण तुमच्यासारख्या कडब्यावरच्या म्हशीसाठी. मेथीघास, मका खाणाऱ्या म्हशीला गाजरानं काही फरक पडायचा नाही.

गाजरातल्या कॅरोटीनपासून जनावर अंगात अ जीवनसत्त्व तयार करतं. पिशवीचं अस्तर, गर्भ टिकणं, वेळेवर वार पडणं, पारडाचे डोळे, सगळ्याला ते लागतं. हिरव्या चाऱ्यात ते भरपूर असतं, पण कडबा उन्हात पांढरा पडला की त्यातलं बहुतेक उडून जातं. यकृतातला साठा दोन-चार महिने पुरतो. म्हणून हिरवं दिवाळीला बंद झालं तरी दणका उन्हाळ्याच्या तोंडावर बसतो. संध्याकाळी अंधारात म्हैस दावणीपाशी अडखळते का, तेवढं बघा. अडखळत असेल तर गाजराची वाट बघू नका, डॉक्टरांकडून अ जीवनसत्त्वाचं इंजेक्शन घ्या.

घालायची पद्धत सांगते, कारण घात तिथंच होतो. माती धुऊन काढायची आणि गाजर विळीवर उभं चिरायचं, बोटाएवढ्या लांब फाका. गोल चकत्या किंवा अख्खं गाजर कधीच नाही. ते घशात अडकलं की म्हैस मान लांब करते, लाळ गळते आणि बघता बघता डावी कूस फुगते. किलोभरापासून सुरू करा, आठवड्यात चार-पाच किलोवर या, तेही दोन वेळा विभागून आणि आधी कडबा खाऊ घालून. आणि गाजर आलं म्हणून पेंड कमी करू नका. पाच किलो गाजरात सुकं जेमतेम सहाशे ग्रॅम निघतं, बाकी पाणी.

कडब्यात फॉस्फरसही कमी असतो, त्यानंही जनावर उलटतं. रोज पन्नास ग्रॅम क्षार मिश्रण पेंडीत द्या. हे नसेल तर एकट्या गाजराकडून फार अपेक्षा ठेवू नका.

बिटाचं म्हणाल तर त्यात कॅरोटीन नावालाच, साखर जास्त. किलो-दोन किलोच्या वर गेलात तर शेण पातळ होतं. पाला टाळाच, विशेषतः उसाचं वाढं घालत असाल तर. दोन्हींत ऑक्झलेट असतं, ते कॅल्शियम बांधून ठेवतं.

बार्शीकर: ताईंनी नीट सांगितलंय. शेळ्यांना गाजर पाव किलोपासून अर्ध्या किलोपर्यंत बारीक चिरून द्या. बोकड सोडायच्या दोन-तीन आठवडे आधीपासून मूठभर मकाही वाढवा. अंगानं भरलेली शेळी जुळी जास्त देते. एक कळकळीनं सांगतो, महाशिवरात्रीनंतर रताळी स्वस्त झाली की लोक काळी पडलेली, बुरशी आलेलीही जनावरापुढं टाकतात. त्या सडक्या रताळ्यातलं विष थेट फुप्फुसावर जातं, जनावर धापा टाकत मरतं आणि त्यावर हमखास उतारा नाही. कीड लागलेला भाग कापून उरलेलं घालणंही नको.

माणकाठ: अंधारात अडखळत नाही, आताच बघितलं. माज मात्र मला सकाळीच कळतो, तेव्हा डॉक्टर लगेच येऊन भरवून जातात.

गोठेवाली (मोहोळ): इथं अडतंय मग. उन्हाळ्यात म्हशीचा माज मुका असतो, म्हणजे लक्षणं ठळक दिसत नाहीत, रात्री आणि पहाटे जास्त दिसतो. रात्री झोपायच्या आधी आणि पहाटे उठून शेपटीखाली बघा, काचेसारखा स्वच्छ सोट (माजाचा चिकट स्राव) दिसेल. पहाटे दिसला तर संध्याकाळी भरवा, संध्याकाळी दिसला तर दुसऱ्या दिवशी सकाळी. सोट गढूळ किंवा पांढरट असेल तर भरवू नका, आधी पिशवीचा उपचार करून घ्या. आणि दुपारी अंगावर पाणी मारा, विहिरीला असेल तेवढं.