शब्दचर्चा : हेर, गुप्तहेर आणि भाऊचा तोतया
(पोटमाळा, आजोळ, दप्तरबंद वगैरे ही चर्चेत लिहिणाऱ्यांची टोपणनावं.)

पोटमाळा :
गेले तीन आठवडे रात्रीची जेवणं आटपली की माझा एकच उद्योग चालू आहे. साधारण १९६४ ते १९६७ या काळात इटली, फ्रान्स, स्पेन आणि पश्चिम जर्मनीत हेरगिरीच्या स्वस्तातल्या सिनेमांचं अमाप पीक आलं. त्यातले हाती लागतील तेवढे बघतोय. शौकीन मंडळी आता या सगळ्या ढिगाला 'युरोस्पाय' म्हणतात. माझा आतेभाऊ कुठलाही सिनेमा चवीनं बघतो, म्हणून त्याला मराठीत चार ओळी लिहून पाठवल्या. 'गुप्तहेरपट' असा शब्द वापरला. त्याचं उत्तर आलं, "म्हणजे खून कोणी केला ते शेवटी कळतं, तसले ना?"

तिथंच अडलंय. आपल्याकडे शेरलॉक होम्सही गुप्तहेर आणि जेम्स बाँडही गुप्तहेर. एक जण गुन्हा झाल्यावर येऊन माग काढतो, दुसरा परक्या देशात घुसून कागद पळवतो. धंदे दोन, नाव एक. इटालियन लोकांचं याबाबतीत बरं आहे. मोंदादोरी प्रकाशनानं १९२९ पासून रहस्यकथा पिवळ्या वेष्टनात काढल्या, तेव्हापासून खुनाच्या तपासाची गोष्ट म्हणजे 'जालो', शब्दशः 'पिवळं'. हेरगिरीला 'स्पियोनाज्जो'. घोळच नाही.

तर या नायकाला मराठीत काय म्हणावं, आणि या सिनेमांना काय? 'लो बजेट'चं माझ्यापुरतं ठरलंय. 'कमी खर्चाचा' ही हिशेबनिसाची भाषा झाली, 'स्वस्त' म्हटलं की तिकिटाचा दर वाटतो. 'स्वस्तातला' बरोबर बसतो. स्वस्तातला सदरा म्हटलं की काज कुठं उसवणार तेही डोळ्यांपुढे येतं. या सिनेमांचं तसंच आहे. विमान धावपट्टीवर उतरतं, ते दृश्य दुसऱ्याच कुठल्या तरी चित्रफितीतून उचललेलं, त्याचा रंगही वेगळा. मग बैरूत नाहीतर इस्तंबूल नाहीतर लिस्बन. नायक अमेरिकन, नायिका इटालियन, खलनायक जर्मन, जो तो आपापल्या भाषेत बोलणार आणि आवाज नंतर स्टुडिओत भरणार. परवा एका प्रसंगात बाईंचे ओठ मिटले, त्यांनी सिगारेट पेटवली, आणि वाक्य तरी चालूच.

आजोळ :
'गुप्तहेर'मधला 'गुप्त' मला नेहमीच वरकड वाटतो. हेर गुप्तच असतो, जाहीर हेर कोण ठेवतं? मुळात क्रियापद बघा, हेरणे. सावज हेरणे, गिऱ्हाईक हेरणे, एसटीत खिडकीची जागा हेरणे. यात लपणं नाही, नजर आहे.

गंमत म्हणजे इंग्रजी 'स्पाय'सुद्धा नजरेचाच शब्द. त्याच्या मुळाशी 'पाहणे' अर्थाचा जो धातू आहे तोच संस्कृतात 'स्पश्' म्हणून आला. 'पश्यति' त्याच्याच घरातलं. आणि 'स्पश' म्हणजे चक्क हेर. ऋग्वेदात वरुण सोनेरी अंगरखा घालून बसलेला आहे आणि भोवती त्याचे स्पश बसलेत. तेव्हा 'स्पाय' परका नाही, लांबचा का होईना, भाऊबंद आहे.

इथं शब्दचर्चा चालू आहे म्हणून संस्कृत कवी माघाची एक ओळ द्यायचा मोह आवरत नाही. शिशुपालवधात उद्धव म्हणतो, 'शब्दविद्येव नो भाति राजनीतिरपस्पशा'. पतंजलीच्या महाभाष्य या व्याकरणग्रंथाच्या पहिल्या आह्निकाचं, म्हणजे प्रकरणाचं, नाव 'पस्पशा'. व्याकरणाच्या बाजूनं वाचलं तर अ-पस्पशा, म्हणजे पस्पशेविना. राजनीतीच्या बाजूनं वाचलं तर अप-स्पशा, म्हणजे हेरांविना. दोन्ही शोभत नाहीत. एका शब्दात वैयाकरण आणि गुप्तचर खातं दोघांनाही खूश केलं.

पोटमाळा :
वा! पण तुमच्या कसोटीला माझे नायक नापास. ते काहीच हेरत नाहीत. हॉटेलात शिरल्या शिरल्या खरं नाव सांगतात, लिफ्टच्या दारात मारामारी करतात, आणि शत्रूचा अड्डा कुठं आहे हे त्यांना शत्रूच पकडून नेतो म्हणून कळतं.

दप्तरबंद :
'जासूद' कसा वाटतो? अरबी 'जासूस' आपल्या जुन्या कागदांत जासूद झाला, आणि हिंदीपेक्षा त्याचा अर्थही सैलावला. मराठी पत्रव्यवहारात जासूद म्हणजे बातमी काढणारा आणि पत्र पोचवणाराही. म्हणून 'जासूद जोडी' रवाना केल्याचे उल्लेख येतात, वाटेत एकाला काही झालं तर दुसरा पोचावा. अरबी धातूचा अर्थ चाचपणे, हातानं अंदाज घेणे. तुमचा नायक मारामारीच करत असेल तर निदान हाताचं काम तरी जुळलं!

आणि कौटिल्याकडे तर नावांचा कारखानाच आहे. एका जागी बसून बातमी काढणारे 'संस्था', हिंडणारे 'संचार'. हिंडणाऱ्यांत 'तीक्ष्ण' म्हणजे जिवावर उदार होऊन मारामारी करणारा. तुमचा बंदूकवाला नायक शंभर टक्के तीक्ष्ण. 'रसद' म्हणजे विष देणारा. आपण सैन्याची रसद तोडतो ती फारसी रसद वेगळी, तिचा याच्याशी संबंध नाही. डबल एजंटला 'उभयवेतन', दोन्हीकडून पगार घेणारा. इतका नेमका शब्द पडून आहे आणि आपण 'दुहेरी हेर' असलं भाषांतर करत बसतो.

खडूस आत्या :
संस्कृतातून जरा खाली या. आमच्या लहानपणी हेर, डिटेक्टिव्ह आणि साध्या वेशातला पोलीस या तिघांना एकच शब्द होता, सीआयडी. "माझ्यामागं सीआयडी लावलाय का?" हे वाक्य घरोघरी. कानडीतही राजकुमारचा बाँड म्हणजे सीआयडी ९९९ होता, १९६८ सालचा. आणि 'फर्ज' विसरलात? १९६७, जितेंद्र, एजंट ११६. तो तेलुगू 'गूढचारी ११६'वरून घेतलेला. 'गूढचारी' उचला की! मराठी कानाला खटकत नाही, आणि तो खून कोणी केला ते शोधत बसत नाही.

पोटमाळा :
गूढचारी आवडला. आत्या, ११६ वरून आठवलं, फ्रेंचांचा ओएसएस ११७ होता. मुळात झाँ ब्रूसच्या कादंबऱ्यांतला नायक. आंद्रे उनबेल या दिग्दर्शकानं १९६३ मध्ये त्याच्यावर आपला पहिला सिनेमा केला, मग बँकॉक, बाहिया, टोकियो असा नायक जगभर हिंडला. इटलीत १९६५ साली ०७७ आला, नाव डिक मलॉय, काम केन क्लार्क या अमेरिकन नटाचं. शिवाय ३एस३ होता, ००१ होता आणि ००८ सुद्धा. ही ००८ बाई आहे, हे त्यातलं त्यात नवं.

नुसते आकडेच नाहीत, नावंही उसनी. बाँडचा दुसरा सिनेमा इटलीत 'रशियातून, प्रेमाने' या अर्थाच्या नावानं लागला होता. ०७७ च्या एका सिनेमाचं नाव काय, तर 'पूर्वेकडून, त्वेषाने'! दिग्दर्शक सेर्जो ग्रिएको, पण श्रेयनामावलीत 'टेरेन्स हॅथवे'. पडद्यावर हेर खोटं नाव घेत नाही, पडद्यामागं मात्र दिग्दर्शकासकट सगळे टोपणनावानं वावरतात.

मिलानकर :
मी इटलीत अकरा वर्षं आहे, दोन शब्द माझ्याकडून.

इथं '००७' हे आता सामान्यनाम झालंय. वर्तमानपत्रात 'आमचे ००७', 'करखात्याचे ००७' असं सर्रास छापतात. वाचताना 'ज़ेरो ज़ेरो सेत्ते', अनेकवचनातही तसंच. त्यात बाँड कुणाला आठवत नाही, तपास करणारा सरकारी माणूस एवढाच अर्थ. आपल्या 'चारसोबीस'सारखं. बोलताना दंडविधानाचं कलम कुणाच्या डोक्यात असतं?

दुसरा शब्द 'फिलोने'. सिनेमावाले हा शब्द अशा लाटेसाठी वापरतात. मूळ अर्थ खाणीतली धातूची शीर. शीर लागली की सगळ्यांनी तिथंच खणायचं, आटली की पुढची शोधायची. साठच्या आधीपासून हर्क्युलीससारख्या पिळदार वीरांची शीर चालू होती, ती आटली. मग हेरांची लागली, आणि तिच्या बरोबरीनं घोडे-पिस्तुलवाल्यांची, जी पुढं सगळ्यांना पुरून उरली. माणसं बरीचशी तीच. फिलोने म्हणजे लांबोडका पावसुद्धा, तो मी रोज घेते, म्हणून हा शब्द ऐकला की मला आधी भूक लागते.

फ्रेंचांचा 'बार्बूझ' राहिला की. हेराला बोलीभाषेतला शब्द. 'बार्ब' म्हणजे दाढी, त्यावरून बार्बूझ, खोटी दाढी लावणारा. १९६४ मध्ये याच नावाचा एक टिंगलपट आला होता, लिनो व्हेन्तुराचा.

आजोळ :
खोटी दाढी म्हणजे आपला बहुरूपी. पण बहुरूप्याला ओळखलं तरच त्याला शिधा मिळतो, हेराला ओळखलं तर गोळी.

पोटमाळा :
बहुरूप्यावरून डोक्यात एक शब्द आला आणि आता तो हलायला तयार नाही. तोतया.

नायकासाठी नव्हे, सिनेमासाठी. पानिपतानंतर सदाशिवरावभाऊ हयात आहेत असं कित्येकांना वाटत होतं, तेव्हा एक जण उभा राहिला आणि म्हणाला, मीच तो. पार्वतीबाईंची काय अवस्था झाली असेल! त्याच्यामागं माणसं गेली, किल्ले गेले, आणि शेवटी १७७६ मध्ये त्याला मारावं लागलं. तोतया नुसत्या साम्यावर चालत नाही. लोकांना मूळचा माणूस परत हवा असतो म्हणून चालतो. बाँडचं तेच झालं. १९६४ चा सोन्याच्या बोटांचा सिनेमा, 'गोल्डफिंगर', तुफान चालला, पण पुढचा यायला वर्षभर तरी लागणार. त्या वर्षात थेटरांच्या पडद्यांवर काय लावायचं? तर ०७७.

याचं टोक म्हणजे १९६७ चा 'ओके कॉनरी'. दिग्दर्शक अल्बेर्तो दे मार्तिनो. नायक नील कॉनरी, शॉन कॉनरीचा सख्खा धाकटा भाऊ, एडिंबरोमध्ये भिंतींना गिलावा करायचं काम करणारा. सिनेमात त्याचं नाव डॉक्टर नील कॉनरीच, धंदा प्लास्टिक सर्जन, शिवाय संमोहन येतं. त्याचा भाऊ मोठा हेर आहे असं उल्लेखानं सांगतात, पण भावाचं नाव कोणी घेत नाही. सभोवताली बघावं तर बाँडच्याच घरची मंडळी. एमचं, म्हणजे बाँडच्या साहेबाचं, काम करणारा बर्नार्ड ली, त्या साहेबाची सेक्रेटरी मनीपेनी झालेल्या लॉइस मॅक्सवेल, 'रशियातून'ची नायिका दानिएला बिआंकी, 'थंडरबॉल'चा खलनायक आदोल्फो चेली. संगीत एन्नियो मोरिकोने आणि ब्रुनो निकोलाई यांचं, तेही चांगलं. सगळं खरं, फक्त मधला माणूस तो नाही. आणि त्याचा आवाज दुसऱ्यानं दिलाय.

म्हणजे आपल्याकडे भाऊंचा तोतया होता, त्यांनी भाऊच तोतया केला.

खडूस आत्या :
हे वाक्य सुचलं म्हणून शब्द निवडलास की शब्द निवडला म्हणून वाक्य सुचलं?

पोटमाळा :
आत्या, पहिलंच. लपवत नाही.

दप्तरबंद :
वाक्य झकास, पण हरकत नोंदवतो. तोतया 'मीच तो' असा दावा करतो. ०७७ तसा दावा करत नाही, तो फक्त आकडे हलवतो. त्याला 'नक्कल' म्हणा, नाहीतर बाजारातल्या भाषेत 'डुप्लिकेट'. नीलला तोतया म्हणायला माझी हरकत नाही.

दुसरं, ओएसएस ११७ ला या पंक्तीत बसवू नका. झाँ ब्रूसची पहिली कादंबरी १९४९ ची, फ्लेमिंगचा बाँड १९५३ चा. कागदावर ११७ थोरला आहे. त्याचे गाजलेले सिनेमे मागाहून आले म्हणून लोक त्याला नकलाकार समजतात.

मिलानकर :
आणि जर्मन 'कोमिसार एक्स' कुठं टाकणार? तो तर न्यूयॉर्कचा खासगी डिटेक्टिव्ह, जो वॉकर. टोनी केंडल म्हणून जो नट आहे तो मूळचा लुचानो स्टेला. १९६६ ते १९७१ असे सात सिनेमे. एक सिलोनमध्ये काढला, शेवटचा पाकिस्तानात, त्यात मोहम्मद अली आणि झेबा आहेत. नायक डिटेक्टिव्ह, करतो हेरगिरी. याला मात्र तुमचा 'गुप्तहेर' अगदी फिट्ट बसतो!

पोटमाळा :
मान्य, पहिली हरकत सोडून. मग असं करतो. नायक 'गूढचारी', हवं तिथं 'तीक्ष्ण'. सिनेमे सरसकट 'स्वस्तातले हेरपट'. हेरपटात 'गुप्त' नाही, आजोळना बरं वाटेल. 'तोतयापट' फक्त ज्यांची नावं आणि आकडे बाँडवरून उचललेत त्यांना, दप्तरबंद काहीही म्हणोत. ११७ ला सोडून. कोमिसार एक्सला 'गुप्तहेर' ठेवतो.

आतेभावाला हे सगळं पाठवलं. तो म्हणतो, नील कॉनरीचा सिनेमा आधी पाठव, शब्द नंतर बघू. आणि विचारतो, गिलावा करणाऱ्याला मराठीत नेमकं काय म्हणतात?

खडूस आत्या :
गवंडी.

दप्तरबंद :
गवंडी विटाही रचतो. नुसता गिलावा करणारा वेगळा.

खडूस आत्या :
आमच्या वाड्यात एकच माणूस दोन्ही करायचा, आणि दोन्ही वाईट करायचा. गवंडीच म्हणायचो. नवीन चर्चा काढ बाबा.