अठरा वर्षांखालील गरोदर मुलगी उपकेंद्रात आली, तर आधी तपासणी की आधी पोलीस?

माजी_आरोग्यसेविका (धागाकर्ती):
बीड जिल्ह्यातील एका उपकेंद्रावर मी बरीच वर्षे नोकरी केली. एक मुलगी सातव्या महिन्यात प्रथमच तपासणीला आली, तेव्हा तिचे हिमोग्लोबिन साडेसात ग्रॅम होते. वय विचारले, तर तिच्याऐवजी सासूनेच ‘एकोणीस’ असे उत्तर दिले. शाळेत असताना आठवड्याला मिळणारी लोहाची निळी गोळी तिला ठाऊक होती. परंतु गरोदरपणातील लाल गोळी 180 दिवस रोज घ्यायची असते, हे तिला कुणी सांगितले नव्हते. उलट त्या गोळीने बाळ मोठे होते आणि बाळंतपण अडते, असे घरात ठसवले गेले होते. आधी का आली नाहीस, असे विचारल्यावर ती हळूच म्हणाली, “नाव पोलिसांत जातं म्हणे.”

ही भीती निराधार नाही. बालकांना लैंगिक अत्याचारापासून संरक्षण देणाऱ्या पोक्सो कायद्यात अठराखालील मुलीशी शरीरसंबंध हा गुन्हाच आहे, त्यामुळे कलम 19 नुसार अशा गरोदरपणाची माहिती पोलिसांना देणे बंधनकारक आहे आणि न देणाऱ्यास कलम 21 खाली सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. परिणामी मुली उशिरा येतात किंवा वय चोरतात. सर्वोच्च न्यायालयाने 2022 मध्ये अल्पवयीन मुलीच्या गर्भपातासंदर्भात, तिने व पालकांनी विनंती केल्यास पोलिसांना कळवताना तिची ओळख उघड न करण्याची मुभा डॉक्टरांना दिली. तीच मुभा प्रसूतिपूर्व तपासणीलाही मिळावी, असे माझे मत आहे.

कोरडवाहू:
ताई, आपल्या अनुभवाबद्दल आदर आहे, पण मागणी पटत नाही. 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार महाराष्ट्रातील 20 ते 24 वयोगटातील 21.9 टक्के स्त्रियांचे लग्न अठराच्या आत झालेले होते. आमच्या भागात ऊसतोडीला जाताना तरण्या मुलीला मागे कुणाकडे ठेवायचे हा प्रश्न असतो, आणि जोडीने कोयता धरला की मुकादमाकडून आगाऊ उचलही मिळते, म्हणून लग्न उरकले जाते. गावात बालविवाह प्रतिबंधक अधिकारी म्हणजे ग्रामसेवक, आणि तोच कित्येकदा पंगतीला बसलेला असतो. मग या साखळीला धाक उरतो तो एवढ्या एका कलमाचा. शिवाय प्रत्येक पोटामागे लग्नच असते असे नाही. घरातल्याच माणसाने अत्याचार केलेली मुलगी बाहेरच्या माणसाच्या नजरेस पडते, ती बहुधा तपासणीच्या टेबलावरच. तिथेही आपण ओळख झाकायची?

काळा_कोट:
2022 च्या निकालातील सवलत गर्भपातापुरती आहे. ती बाळंतपणापर्यंत ताणता येणार नाही, त्यासाठी कायदाच बदलावा लागेल. लग्न झाले आहे हा बचावही 2017 पासून उरलेला नाही, कारण अठराखालील पत्नीशी शरीरसंबंध हा बलात्कारच ठरतो, असे सर्वोच्च न्यायालयाने तेव्हाच सांगितले. मात्र ‘कोरडवाहू’ म्हणतात तो धाक न्यायालयात कसा दिसतो, तेही सांगतो. एकवीस वर्षांचा नवरा कोठडीत, कडेवर तान्हे बाळ घेतलेली मुलगी साक्षीदाराच्या पिंजऱ्यात, आणि ती फितूर होते. लग्न लावून देणारे मोठे लोक मागच्या बाकावर बसलेले असतात.

तरीही एक गैरसमज दूर व्हावा. पोलीस येईपर्यंत तपासू नका, असे कोणताही कायदा सांगत नाही. वजन, रक्तदाब, रक्त-लघवीची तपासणी आणि गोळ्या त्याच दिवशी व्हायलाच हव्यात. ‘आधी पोलीस स्टेशनला जाऊन या’ असे सांगून परत पाठवणे ही कायद्याची अंमलबजावणी नसून अंगावरची जबाबदारी झटकणे आहे.

प्रसूतीतज्ज्ञ_लातूर:
मला दोन्ही बाजूंपेक्षा ते ‘एकोणीस’ अधिक खटकते. कार्डावर खरे वय असते, तर तेवढ्यावरूनच ती अतिजोखमीची माता ठरली असती आणि महिन्याच्या 9 तारखेच्या प्रधानमंत्री सुरक्षित मातृत्व तपासणीत तिच्या कार्डाला लाल खूण लागली असती. कोवळ्या वयात झटके येणे, अपुऱ्या दिवसांची प्रसूती आणि कमी वजनाचे बाळ यांचा धोका वाढतो. त्यातच पहिल्या तिमाहीतील रक्तदाबाची नोंद नसेल, तर सातव्या महिन्यातील 130/86 हा तिचा नेहमीचा की वाढत चाललेला, हे मला कसे कळणार? ताई, थेट विचारतो: ते वय लिहिले कुणी?

माजी_आरोग्यसेविका (धागाकर्ती):
मीच लिहिले, डॉक्टरसाहेब. खरे लिहिले असते तर पुढच्या वेळी ती आलीच नसती, असे तेव्हा वाटले. पण ती तशीही आली नाही. दिवाळीनंतर टोळी कारखान्याला गेली आणि कार्ड गावातल्या पेटीत राहिले. माझी चूक मान्य करूनही मागणी मागे घेत नाही, कारण मी खोटे लिहिले ते पोलिसांच्या धास्तीनेच, आणि अशी लिहिणारी मी एकटी नव्हते.

‘कोरडवाहू’ यांचा अत्याचाराचा मुद्दा मात्र मला निरुत्तर करतो. अशा मुलीशी एकटीने बोलायला हवे, सासूला किंवा आईला बाहेर बसवायला हवे, हे आम्हाला प्रत्येक प्रशिक्षणात सांगत. आमच्या उपकेंद्रात तपासणीची खोली एकच होती, आणि तिला दार नव्हते, पडदा होता.