आयर्नब्रिज: पुलाखाली उतरून बघा
कुणीतरी लिहिलंय की इंग्लंडमधल्या आयर्नब्रिज गावाला पूल बघितला की अर्ध्या तासात निघता येतं, प्लीज असं करू नका. सेव्हर्न नदीवर १७७९ ला उभा राहिलेला हा ओतीव लोखंडाचा जगातला पहिला मोठा पूल, तोवर असल्या कामाचा अनुभवच कुणाला नव्हता म्हणून सुतारकामासारख्या खाचा-कुसू (एका भागाचं टोक दुसऱ्याच्या खाचेत बसवणं) करून, पाचरी ठोकून भाग जोडलेत, काठावर उतरून मान वर करून बघा, सांधे स्पष्ट दिसतात, मला तर तेच सगळ्यात भारी वाटतं. १७९५ च्या महापुरातही टिकला तो! दक्षिण टोकाला जुना टोलनाका आहे, तिथल्या दरपत्रकात सैनिक, टपालगाडी, अगदी राजघराणं, कुणालाच टोलमाफी नाही असं लिहिलंय. १९३४ पासून गाड्या बंद, त्यामुळे पुलावर निवांत रेंगाळता येतं.