अनुभव धागा : हिवाळ्यात दिसलेले दुर्मीळ पक्षी – कुठे, कधी आणि कसे

५ ते १२ नोव्हेंबर हा आपल्याकडचा पक्षी सप्ताह. मारुती चितमपल्लींच्या जन्मदिवशी सुरू होतो, सालिम अलींच्या जन्मदिवशी संपतो. सप्ताह संपला की बऱ्याच दुर्बिणी परत कपाटात जातात, आणि खरा हंगाम तर तेव्हाच रंगायला लागतो. म्हणून हा धागा. हिवाळ्यात तुम्हाला दिसलेला, सहसा न दिसणारा पक्षी आणि तो दिसला ती जागा, याबद्दल लिहा.

एक अट. 'अमुक ठिकाणी गेलो, तमुक दिसला' एवढ्यावर थांबू नका. पाणी किती होतं, भरती होती की ओहोटी, गवत उभं होतं की कापलेलं, उन्हं कुठवर आली होती, हेही येऊ द्या. पक्षी गावाच्या नावाला बांधलेला नसतो. त्याला लागतो घोटाभर चिखल, किंवा मावळतीला उतरायला शांत गवत. ते सरकलं की तोही सरकतो. आणि घुबडांची झाडं, घरटी नेमकी सांगू नका.

माझ्यापासून सुरुवात करतो. भिगवणला डिसेंबरात रोहित, म्हणजे फ्लेमिंगो, बघायला जाऊन "रोहित नाहीत हो" म्हणत परतणारे दरवर्षी भेटतात. उजनी धरणाचा फुगवटा तेव्हा तुडुंब असतो. रोहित उभे राहणार कुठे? पाणी ओसरून कुंभारगाव, डिकसळच्या बाजूला चिखल उघडा पडायला लागला की ते येतात. जानेवारीअखेर ते मार्च हा भरवशाचा काळ. पण मी आता रोहितांसाठी जातच नाही. मी जातो पलासच्या कुरवासाठी, म्हणजे पॅलासेस गलसाठी. तपकिरी डोक्याच्या कुरवांच्या घोळक्यात हा धिप्पाड गडी वेगळा कळतो, आणि फेब्रुवारी सरता सरता त्याचं डोकं काळंकुळकुळीत होतं. मार्चमधला हा पक्षी बघाच. पाण्यातल्या खुंटावर कैकर (मासे पकडणारा शिकारी पक्षी) मासा फाडत बसलेला असेल तर नावाड्याला लांबूनच वल्हं थांबवायला सांगा. तिथले नावाडी मासेमार आहेत, पाणी त्यांना आपल्यापेक्षा जास्त कळतं. फक्त कुरवांना फरसाण टाकणाऱ्या नावेत बसू नका.

*

ठाणे खाडीबद्दल लिहिते. इथे सगळा खेळ भरती-ओहोटीचा. ओहोटीला चिखल उघडा पडतो आणि रोहित खाडीभर पसरून चरतात. भरती चढली की त्यांना उभं राहायला जागा उरत नाही, मग ते नेरूळकडच्या पाणथळींवर येऊन दाटीवाटीने थांबतात. ऐरोलीच्या केंद्रातून सुटणाऱ्या बोटी भरतीच्या वेळापत्रकावर चालतात, तेव्हा सुट्टी बघून नाही, भरतीचा तक्ता बघून दिवस ठरवा. २०१५ साली अभयारण्य झालं, २०२२ मध्ये रामसर यादीत, म्हणजे जागतिक महत्त्वाच्या पाणथळींच्या यादीत, नाव आलं. खाडीत बहुतेक लहान रोहित असतात: गडद लालसर चोच, अंगावर जास्त गुलाबी. फिक्या गुलाबी चोचीचं काळं टोक दिसलं की तो मोठा रोहित. मला मात्र लक्षात राहिले ते रोहितांच्या पायाशी लगबग करणारे ॲव्होसेट. वर वळलेली चोच पाण्यात डावी-उजवीकडे फिरवत चालतात. सगळ्यांचे कॅमेरे वर, गुलाबी रंगावर!

*

अमूर ससाणा कोणाला दिसलाय का? मला लोणावळ्याच्या माळावर दिसला, नोव्हेंबरअखेर. तारांवर रांगेने बसले होते. नर राखाडी, पाय नारिंगी, आणि उडाला की पंखाखालचा पांढरा भाग झळकतो. जेमतेम दीडशे ग्रॅमचा पक्षी. सैबेरिया, उत्तर चीनकडून निघतो, नागालँडमध्ये दोयांग जलाशयाजवळ लाखोंनी थांबतो, मग भारत ओलांडून थेट अरबी समुद्रावर झेपावतो आणि दक्षिण आफ्रिकेकडे जातो. दोयांगला २०१२ मध्ये त्यांची प्रचंड शिकार झाल्याचं उघड झालं आणि पुढच्याच वर्षी गावकऱ्यांनी ती थांबवली. २०१३ पासून उपग्रह टॅग लावलेल्या पक्ष्यांमुळे हा सगळा मार्ग कळला.

आपल्याकडे तो मुक्कामाला नसतो, वाटेवर असतो. त्यामुळे "कालच होते" हे वाक्य ऐकायची तयारी ठेवा. वाळवी किंवा चतुर हवेत उडत असतील तर थांबण्यात अर्थ आहे.

*

माझा पक्षी स्थलांतरित नाही, पण हिवाळ्यात बघावा असा नक्की आहे. रानपिंगळा, एक छोटं घुबड.

त्याची गोष्ट बहुतेकांना अर्धीच माहीत असते. १८७३ साली ह्यूम या इंग्रज पक्षी-अभ्यासकाने त्याचं वर्णन केलं. १८८४ नंतर खात्रीचा एकही नमुना नाही. मध्ये १९१४ चा म्हणून एक नमुना संग्रहालयात होता, तो निघाला चोरलेला: माइनर्ट्झहागेन नावाच्या लष्करी अधिकाऱ्याने जुनाच नमुना उचलून, त्यावर खोटी माहिती लिहून आपला म्हणून दाखवला होता. त्या खोट्या माहितीवर विसंबून शोधणारे भलत्याच ठिकाणी शोधत राहिले. पक्षीशास्त्रज्ञ पामेला रासमुसेन यांनी ही लबाडी उघड केली, मूळ नमुने कुठून आले होते ते तपासलं आणि १९९७ च्या नोव्हेंबरात बेन किंग आणि डेव्हिड ॲबट यांच्यासोबत शहाद्याजवळच्या सातपुड्याच्या पायथ्याशी पक्षी प्रत्यक्ष पाहिला. एकशे तेरा वर्षांनी!

मी मेळघाटात पाहिला. गंमत म्हणजे हे घुबड दिवसाढवळ्या हिंडतं, त्यामुळे रात्रीच्या फेरीचं कौतुक इथे कामाचं नाही. थंडीत सकाळी ते सागाच्या उघड्या फांदीवर ऊन खात बसतं. पानगळ सुरू झाली की दिसणं अजून सोपं. साध्या पिंगळ्याशी घोळ होऊ नये म्हणून डोकं बघा: पिंगळ्याच्या डोक्यावर पांढरे ठिपके ठळक, याच्या डोक्यावर जवळजवळ नाहीतच. पाय दणकट, पिसांनी झाकलेले, छातीवर तपकिरी रंगाचा भरीव पट्टा. तानसाच्या जंगलातही त्याची नोंद झाली आहे.

मोबाइलवर आवाज वाजवून त्याला बोलावणारे गट आमच्याच वाटेवर भेटले. हद्दीसाठी भांडणारा पक्षी आहे, आवाजाला तो येतोच. येतो म्हणून बोलवायचं का? वनखात्याच्या वाटाड्याबरोबर जा, गप्प बसा.

*

वरच्या रानपिंगळ्यावरून धीर आला. मी विदर्भातून. दुर्मीळ म्हटलं की सगळे सैबेरियाकडे पाहतात, आमच्या गोंदियाच्या सारसाकडे कोण पाहतो? महाराष्ट्रात सारस उरलाय तो गोंदिया, भंडाऱ्यात आणि थोडाफार चंद्रपुरात, तोही हाताच्या बोटांवर मोजायच्या जोड्या. धान कापून झालं की डिसेंबरात बांध्या (धानाची खाचरं) मोकळ्या होतात आणि तळ्याकाठी जोडी दुरूनही दिसते. पुरुषभर उंचीचा पक्षी, लपणार कुठे? जोडीने मान वर करून ओरडतात तो आवाज मैलभर जातो. शेतात उतरू नका, बांधावरूनच पाहा. विजेच्या तारा आणि शेतातली औषधं यांनी आधीच त्यांचं कंबरडं मोडलंय.

येताच आहात तर नवेगाव बांधला सकाळी थांबा. पट्टकादंब (हंस) आणि मोठी लालसरी (बदक) बघायला मिळण्याची शक्यता बरी असते.

*

सोलापूरजवळच्या नान्नजला माळढोक दिसेल या आशेने जाऊ नये, हे स्पष्टच लिहितो. तो तिथे इतका कमी उरलाय की 'दिसला का' हा प्रश्न विचारायचंही मी सोडलंय. पण हिवाळ्यात त्याच माळावर भोवत्ये (हॅरियर, शिकारी पक्षी) येतात, आणि त्यांच्याकडे कोणी बघत नाही याचं मला फार वाईट वाटतं. माँटेग्यूचा आणि पांढुरका, दोन्ही. दिवसभर गवतावरून फूट-दोन फुटांवर तरंगत टोळ उचलतात. खरी मजा सूर्यास्ताआधी. एकेक करत येतात, चकरा मारतात आणि रात्रीसाठी जमिनीवरच, गवतात उतरतात. भोवत्या झाडावर झोपत नाही, म्हणून गवत जाळलं किंवा नांगरलं की त्याचा मुक्कामच गेला.

हेच दृश्य शेकड्यांनी बघायचं तर गुजरातेत वेळावदरला जा. जगातल्या मोठ्या रातथाऱ्यांपैकी (रात्रीच्या मुक्कामाच्या जागांपैकी) तो एक आहे. पुण्याकडच्यांना जवळचं म्हणजे इंदापूर तालुक्यातलं कडबनवाडी. तिथे धाविक (कोर्सर) आणि पखुर्ड्याही (सँडग्राउस) आहेत. गाडीतूनच बघा, पायी गवतात शिरलात की सगळं उठतं.

*

सिंहगडाची दरी. अल्ट्रामरीन माशीमार, नर. वरून निळा, खालून पांढरा, गळ्याच्या दोन्ही बाजूंनी निळा पट्टा आत आलेला. पाणवठ्याजवळ, दुपारी. बाकी तिथली कॅमेऱ्यांची गर्दी मी लिहीत नाही, सगळ्यांना ठाऊक आहे.

*

मी आता फारसा हिंडत नाही, पण एक नोंद इथे असावी असं वाटतं. ऐंशीच्या दशकात भरतपूरला गेलो होतो तेव्हा सैबेरियन क्रौंच होते. आम्ही पाहिले ते उथळ पाण्यात चोच खुपसून कंद उकरत होते. पांढरेशुभ्र, चेहरा लाल, आणि उडाले की पंखांची टोकं काळी. उभे असताना ते काळं अजिबात दिसत नाही. २००१-०२ च्या हिवाळ्यात तिथे शेवटची जोडी दिसली, त्यानंतर नाही. अफगाणिस्तानातून येणारी त्यांची वाट, तिथली तळी, तिथली युद्धं आणि शिकार, हे सगळं एकत्र आलं.

आज क्रौंचकुळातलं काही थव्यांनी बघायचं असेल तर राजस्थानात फलोदीजवळ खिचनला जा. कांड्या करकोचे हजारोंनी उतरतात, गावकरी पिढ्यानपिढ्या दाणे टाकत आलेत. सप्टेंबर ते मार्च. सकाळी दाण्याला येतात, ऊन चढलं की तळ्यावर. २०२५ मध्ये ती जागा रामसर यादीतही आली.

*

दोन लांबच्या जागा थोडक्यात.

उत्तराखंडात रामनगरजवळ कोसी नदीचं पात्र: आयबिसबिल. उन्हाळ्यात हिमालयात उंचावर, हिवाळ्यात खाली. गोट्यांच्या रंगाचाच असल्यामुळे तो हलेपर्यंत दिसत नाही, म्हणून चालू नका, एका जागी बसून पाण्याच्या कडेवर दुर्बीण सावकाश फिरवत राहा. तिथल्याच खडकांवर वॉलक्रीपर मिळतो. राखाडी पक्षी, पंख उघडले की आत किरमिजी.

कच्छमध्ये नखत्राणाजवळचं फुलाय गाव: ग्रे हायपोकोलियस. इराक-इराणकडून येतो, पिलू नावाच्या झुडपाच्या फळांवर असतो. नराच्या डोळ्यांवर काळी पट्टी. सकाळी लवकर झुडपांच्या शेंड्यावर येतात, नंतर आत शिरले की संपलं. पिलूला फळं धरली आहेत का, हे गावात आधी विचारून निघा. छारी ढंढ तिथून जवळच आहे, दुपार तिकडे काढता येते.

*

पट्टकादंबांचा विषय निघाला म्हणून. थव्यात एखाद्याच्या मानेभोवती रंगीत पट्टा दिसला तर त्यावरचा अक्षर-अंकांचा क्रम टिपून ठेवा. असे पट्टे मंगोलियात बसवले जातात. पायात धातूचं कडं असेल आणि 'बॉम्बे नॅचरल हिस्टरी'सारखी अक्षरं वाचता आली तर नोंद बीएनएचएसकडे (बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी) पाठवा. पट्ट्याचा रंग, अक्षरं, तारीख, जागा, आणि थव्यात साधारण किती पक्षी होते, एवढं पुरतं. फोटो धूसर असला तरी पाठवा, रंग आणि एखादं अक्षर कळलं तरी पुढचं शोधता येतं. स्पॉटिंग स्कोप असेल तर त्यालाच मोबाइल लावून काढा, जवळ जायचा मोह नको. हे हंस जमिनीवर असताना माणसाला लांबूनच हेरतात आणि एक उठला की अख्खा थवा उठतो.

नाथसागरावर पैठणच्या बाजूला यंदा कोणी जाऊन आलं असेल तर पाण्याची पातळी कळवा. जानेवारीच्या दुसऱ्या आठवड्यात निघायचा बेत आहे.