प्रतिसाद: फायरवॉल आहे, मग डीएचसीपीतल्या चुकीची काळजी कशाला?

वर एकांनी लिहिलंय की फायरवॉल चालू असल्यावर डीएचसीपी क्लायंटमधल्या (नेटवर्कवरच्या सर्व्हरकडून आयपी पत्ता मागून घेणाऱ्या प्रोग्राममधल्या) बफर ओव्हरफ्लोची, म्हणजे ठरलेल्या मेमरीबाहेर लिहिलं जाण्याची, फारशी चिंता नको. हे मला अजिबात पटत नाही. हा क्लायंट आयपी पत्ता मिळायच्या आधीच कामाला लागतो आणि उत्तर देणारा सर्व्हर खरा की खोटा, हे ओळखायची सोय त्याच्याकडे सहसा नसते. त्याच नेटवर्कवरचं कुणीही सर्व्हर बनू शकतं. शिवाय फायरवॉलला ही उत्तरं आत सोडावीच लागतात, नाहीतर पत्ताच मिळणार नाही.

२०१८ सालची सिस्टमडी-नेटवर्कडी या लिनक्सवरच्या नेटवर्क सांभाळणाऱ्या सेवेमधली चूक (सुरक्षात्रुटींच्या यादीतला क्रमांक सीव्हीई-२०१८-१५६८८) बघा. डीएचसीपीव्ही६ च्या (आयपीव्ही६ साठीच्या डीएचसीपीच्या) संदेशात पर्याय (ऑप्शन, म्हणजे माहितीचा एकेक तुकडा) जोडताना बफरमध्ये जागा आहे का हे तपासलं जायचं, पण पर्यायाच्या ४ बाइटच्या हेडरचा हिशेब त्या तपासणीत धरलेलाच नव्हता. जागा संपत आली की उरलेल्या लांबीतून वजाबाकी व्हायची. ती संख्या चिन्हरहित, म्हणजे शून्याखाली जाऊच शकत नाही. ती एकदम प्रचंड मोठी व्हायची आणि पुढचं लिखाण हीपमध्ये (प्रोग्रामला चालताना मिळणाऱ्या मेमरीत) बफरच्या बाहेर. सर्व्हरने मुद्दाम लांबलचक ओळख (सर्व्हर आयडी, जो क्लायंट आपल्या संदेशात परत जोडतो) पाठवली की झालं!

"आम्ही आयपीव्ही६ वापरतच नाही" हेही पुरेसं नाही. ते बंद केलेलं नसेल, तर राउटर अ‍ॅडव्हर्टाइजमेंटचं (राउटर आपली ओळख नेटवर्कवर कळवतो त्या संदेशाचं) एक पॅकेट हा क्लायंट सुरू करू शकतं.

अपडेट तर कराच. पण क्लायंट रूट (सर्वाधिकारी युजर) म्हणून चालतो की मर्यादित अधिकारांच्या वेगळ्या युजरखाली, हेही बघा. स्विचवर डीएचसीपी स्नूपिंग (खोट्या सर्व्हरची उत्तरं अडवणारी सोय) असेल तर तेही चालू करा, आणि आयपीव्ही६ साठीचं वेगळं संरक्षण विसरू नका.