ई-पुस्तकातल्या ‘पाना’ला काय म्हणावं?

बोरूबहाद्दर
एका वाचन-अ‍ॅपचं मराठीकरण करतोय. पडद्याच्या तळाशी एक ओळ येते : ‘३४० पैकी ११२वं पान’. मी बिनदिक्कत ‘पान’ लिहून दिलं. तपासणाऱ्या बाईंनी परत पाठवलं. अक्षर मोठं केलं की ३४०ची ५१० होतात, मग हे पान कसलं, ‘पडदा’ लिहा म्हणे. ‘पडदा ११२’? संगीत नाटक आहे का? २००७मध्ये किंडल (अ‍ॅमेझॉनचं ई-पुस्तकं वाचायचं यंत्र) आलं तेव्हा त्यात पानांऐवजी ‘लोकेशन’चे आकडे होते, छापील पानांचे आकडे २०११मध्ये आले. म्हणजे हा घोळ त्यांनाही चुकला नाही. सुचवा काहीतरी.

पाटीपेन्सिल
‘पृष्ठ’ लिहा आणि मोकळे व्हा. पान झाडाला असतं, नाहीतर पंक्तीत वाढतात.

जुना कंपोझिटर
पृष्ठ तर मुळीच नको. पृष्ठ म्हणजे पाठ, आणि पाठ यायला पोट लागतं. आमच्या छापखान्यात फोरमन ओला कागद उजेडाकडे धरून बघायचा, अलीकडच्या ओळीवर पलीकडची ओळ बसली का. बसली नाही की ‘पाठपोट हललंय’ म्हणून ओरडा. पडद्याला कुठलं पाठपोट?
शिवाय पान म्हणजे किती, हे आधी ठरवा. हस्तलिखित पोथीत पानाला आकडा एकच, बाजू दोन. छापील पुस्तकात बाजूबाजूला आकडा. दुकानात २०० पानी वही मागा, कागद १००च निघतात. पान आधीपासूनच डळमळीत आहे, ई-पुस्तकाने ते हलवलं असं नाही.

पाटीपेन्सिल
पाठपोट वगैरे ठीक, पण ‘संकेतस्थळाचं मुखपृष्ठ’ तुम्हीही म्हणता ना? तिथे पाठ कुठे शोधलीत? शब्द रुळला की व्युत्पत्ती निवृत्त होते.

जुना कंपोझिटर
मी ‘होमपेज’ म्हणतो.

ओवीबद्ध
ज्ञानेश्वरीचा दाखला कधी कोणी पानाने दिलाय? अध्याय अठरा, ओवी अमुक. आकडा मजकुराला, कागदाला नव्हे. त्यामुळे गीता प्रेसची प्रत असो की मोबाइलवरची, ओवी सापडते. ई-पुस्तकातही परिच्छेदांना आकडे द्या, अक्षर कितीही फुगवा.

मु.पो. वाई
सापडते म्हणजे शोधावी लागते. प्रतीप्रतीत ओव्यांची संख्या मागेपुढे होते. तुकोबांच्या गाथ्याचं तर विचारूच नका, गाथा बदलली की अभंगाचा क्रमांक बदलला. आणि कादंबरीतल्या परिच्छेदांना आकडे घातले तर नायिका रडतेय की शासन निर्णय निघालाय, कळायचं नाही.

सांगाती
थोडं कामाचं बोलू? अंध मुलांसाठी पाठ्यपुस्तकांची ई-प्रत करण्यात मदत करते. वर्गात बाई ‘पान ४७ काढा’ म्हणतात, तेव्हा त्या मुलालाही ४७च लागतं. ईपबमध्ये (ई-पुस्तकाच्या फाइलचा एक प्रकार) छापील पान कुठे संपतं त्याच्या खुणा पेरता येतात, मग अक्षराचा आकार काहीही असो, ४७ जागेवर राहतं. तेव्हा छापील प्रत असेल तर ‘पान’ राहू द्या. नसेल तर टक्के दाखवा, ‘३३ टक्के वाचून झालं’. शब्दाचा प्रश्नच मिटतो.

बोरूबहाद्दर
सांगातीताई, सोय उत्तम आहे, पण अ‍ॅपमध्ये श्राव्य पुस्तकंही आहेत. तिथे ‘वाचून झालं’ कसं लिहू?

मु.पो. वाई
‘ऐकून झालं’. ऐकलेल्याला वाचलेलं म्हणणं ही फसवणूक आहे. आमचा भाचा जिममध्ये पुस्तकं ‘वाचतो’, दीडपट वेगाने.

ओवीबद्ध
वाईकर, वाचन शब्द ‘वच्’वरून, म्हणजे बोलणं. वाचणं मुळात मोठ्याने वाचणंच. चातुर्मासात देवळात पोथी लावायचे, तेव्हा वाचणारा एक आणि ऐकणारं गाव. त्यांना कोणी निरक्षर म्हणून हिणवलं नाही. मुकाट्याने एकट्याने वाचायची सवय पुढे घरोघर छापील पुस्तकं आल्यावर बळावली. ऐकण्यावर तुम्ही नाक मुरडता, पण जुनी चाल तीच.

मु.पो. वाई
पोथी ऐकणारा ‘पोथी ऐकली’ म्हणायचा. ‘वाचली’ नाही म्हणायचा. माझा मुद्दा तेवढाच, तो तुम्हीच सिद्ध केलात.

पाटीपेन्सिल
+१. आणि ‘वाचेल तो वाचेल’ कोणी चिकटवू नका, दोन वाचणे वेगळे आहेत.

अळूचं फदफदं
अवांतर : पान राहो न राहो, ‘चाळणं’ गेलं त्याचं काय? पुस्तक हातात घेऊन भर्रकन चाळलं की डावीकडे खाली कुठेतरी होतं ते वाक्य सापडायचं. ई-पुस्तकात शब्द नेमका आठवत असेल तरच शोध लागतो. अर्धवट आठवणाऱ्याची पंचाईत. न शोधलेलं काही अवचित दिसतही नाही, आणि चाळण्याची खरी मजा तीच होती. ‘स्क्रोल’ला ‘चाळणे’ म्हणणाऱ्यांना दंडवत. ते सरकवणं आहे.

जुना कंपोझिटर
सरकवणं नवं कुठे? जन्मपत्रिकेची गुंडाळी पाहिली नाहीत का? बाकी तुमच्या चाळण्यासाठी आम्ही १६ पानी फर्मे (एकाच मोठ्या कागदावर छापलेली पानं) दुमडून दुमडून बोटं झिजवली. दोन्ही बाजू मिळून १६ पानं, एकही उलटी लागली तर सगळा फर्मा रद्दीत.

ओवीबद्ध
फर्मा हा पोर्तुगीज ‘फॉर्मा’ बरं का. भारतात पहिला छापखाना गोव्यात आला, १५५६ साली.

मु.पो. वाई
आणि १६७४नंतर गोव्यातली छपाई बंदच पडली, ती थेट १८२१मध्ये सुरू झाली. मधली दीडशे वर्षं फर्मा कोणाच्या माळ्यावर होता? सरळ इंग्रजी ‘फॉर्म’ आहे तो, मुंबईच्या छापखान्यांतून आलेला.

जुना कंपोझिटर
‘फॉर्म’चा फारम झाला. रेशनचा फारम. फर्मा कसा होईल?